लिंबाचं म्यान

दिगंबर सर कोथिंबिरीची जुडी आणायलाही पाठीवर तंबू घेऊन जायचे. तंबू, पथारी, दोरी, भरलेल्या बाटल्या, सगळं त्या भल्यामोठ्या पिशवीत, आणि सगळ्यात वर कोथिंबीर. कुरुंद्यात नवा आलेला माणूस विचारायचाच, "सर, कुठं निघाले?" सर शांतपणे सांगायचे, "रतनगडला. आधी हे माळवं घरी टाकून येतो." आता सर निवृत्त होऊन भाच्याकडे हिंगोलीला गेलेत आणि आमची गल्ली फारच शहाण्यासारखी वागायला लागली आहे. मला काही ते आवडत नाही.

आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि आमच्याच शेजारी राहायचे. फळ्यावर फूल काढलं तरी त्याच्या मागे एक डोंगर यायचाच. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची माय, म्हणजे आमच्या मावशी. मावशी न्हाणीत घसरून पडल्या, खुबा मोडला आणि कायमच्या खाटेवर आल्या. शाळेच्या वेळात एक बाई यायची, बाकी सगळं सरांकडे. वेणी घालण्यापासून रात्री कूस बदलून देण्यापर्यंत. त्यामुळे सरांनी एक रात्र कधी बाहेर काढली नाही. गडावर मुक्कामाला जायची तयारी मात्र बारमाही. आम्ही चिडवलं की म्हणायचे, "घाई काहून? गड कुठं पळून चालला?"

सगळं सामान जमलं आणि चाकू तेवढा राहिला. त्याचा घोळ सरांनी वर्षभर घातला. मोबाइलवर दिसणारे झकपक चाकू मास्तराच्या खिशातले नव्हते, आणि स्वस्तातले घडीचे त्यांना नको होते. "घडीचा ऐन वेळी बोटावरच मिटतो," ते म्हणायचे. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं हवं आणि मूठ चामड्याची हवी, म्हणजे घामेजल्या हातातून सटकत नाही. एवढं सगळं, आणि किंमत बेताची. असला जावई शोधायचा असता तर लवकर मिळाला असता.

शेवटी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. पोत्यावर सुऱ्या-विळे मांडून बसलेल्या माणसापुढे सरांनी बैठक मारली. एकेक चाकू उचलायचा, डोळे मिटायचे, मूठ आवळायची. मग बाटलीतल्या पाण्याने हात ओला करून पुन्हा आवळायची. विकणारा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "सर, बोकड किती मोठं हाय?"

"बोकड न्हाई. दोरी कापायची, काड्या सोलायच्या, अन् टमाटे."

"टमाट्यासाठी इतकी तकलीफ?" असं म्हणून त्याने पोत्याखालून एक चाकू काढला. चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बसवलेली मूठ, आखूड जाड पातं, सोबत साधं म्यान. सरांनी डोळे मिटले आणि ते हसले. "ह्यो हात धरतो," म्हणाले. भाव करायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही, तो मी केला.

आता आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. पलीकडच्या घरातल्या नवरदेवाची कट्यार ऐन वेळी सापडेना, आणि त्याच्या मामाला सरांच्या खिडकीत हा चाकू दिसला. सरांना नाही म्हणता येत नसे. चाकू गेला आणि चार दिवसांनी आला तो मूठ पिवळीधमक आणि टोक लिंबाने काळं पडलेलं. सर खोबरेल लावून पुसत बसले. वर्षाच्या आत त्या जोडप्याला जुळं झालं, आणि झालं, चाकू शुभ ठरला. मग सेनगावाहून जीप यायला लागल्या. एका लग्नात म्यान हरवलं. सर म्हणायचे, "माझ्यापेक्षा माझा चाकूच जास्त हिंडून राहिला."

मला राग यायचा. हिंगोलीची काही मंडळी दरवर्षी रतनगडला जायची आणि सरांना बोलवायची. मी आणि माझी बायको मावशींजवळ राहायला तयार होतो. पण दरवेळी निघायची वेळ आली की चाकू नेमका कुठल्यातरी लग्नात. "आता चाकूबिगर काय जावं," म्हणत सर पिशवी खुंटीला अडकवायचे.

एका वर्षी मात्र चाकू घरात होता. पिशवी भरली होती, मावशींच्या गोळ्या बायकोला समजावून झाल्या होत्या. संध्याकाळी सेनगावचे दोघं दारात आले. नवरदेवाचे काका. सर लगेच उठले, पिशवीतून चाकू काढायला लागले. त्यांच्या तोंडावर चक्क सुटल्यासारखं हसू होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशींच्या डोक्यात तो आधीच पडलेला असावा.

"कट्यार न्हाई मिळायची," खाटेवरून आवाज आला.

काका गडबडले. "मावशी, मंगल कार्य हाय."

"माझ्याबी पोराचं कार्यच हाय," मावशी म्हणाल्या. उशाची पानाची पिशवी चाचपून त्यांनी आपला अडकित्ता काढला. "हे न्या. माझ्या लग्नात नवरदेवाच्या हातात हेच व्हतं."

काका अडकित्ता घेऊन गेले. सर तसेच उभे. "माय, तुला रातच्याला काही झालं तर? पुढल्या वर्षी जातो की. गड कुठं पळून..."

"गड न्हाई चालला. तुझे गुडघे चालले," मावशी म्हणाल्या. "माझ्यापायी घरात बसलास म्हणून मला कुठं बरं वाटून राहिलं? जा."

सर गेले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन तीनदा परत आले, पण गेले.

दोन दिवस काही खबर नाही. गडावर फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर सरांचा फोटो आला. उन्हासाठी डोक्याला टॉवेल बांधलेला, कमरेला तो पिवळ्या मुठीचा चाकू, आणि म्यान नाही म्हणून टोकाला लिंबू खोचलेलं. मागे डोंगर. मी मोबाइल मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"नवरदेव दिसून राहिला माझा," त्या म्हणाल्या. मोबाइलवरून दोन्ही हात फिरवून त्यांनी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. माझी बायको उठून आत गेली, आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

तेवढ्यात सरांचा फोन आला. मी तो मावशींच्या कानाला लावला. तिकडून सर गोळ्या, जेवण, झोप असं एका दमात विचारत होते. मावशींनी त्यांना मधेच तोडलं.

"गड व्हता का रे जाग्यावर?" त्यांनी विचारलं.

 सर म्हणाले, "व्हता, माय."