मुलचेऱ्याच्या कोठीत उमललेला पळस

फेब्रुवारीत सुनीताच्या गावी, मुलचेऱ्याला, जायचं ठरलं, तेव्हा ती घाबरलेली होती. आम्ही दोघी नागपूरला एकाच लॅबमध्ये पीएचडी करतो. तिच्या आईला ती आता घरी हवी होती, जवळपासच्या शाळेत नोकरीला. "तू चल. एकदा तिला काम दाखवू," ती म्हणाली.

पहाटेच्या एसटीने चंद्रपूर गाठलं, तिथून गोंडपिंपरीमार्गे आष्टी. वैनगंगेच्या पुलानंतर रस्ता अरुंद होतो आणि सागाचं जंगल सुरू होतं. पाणी सोबत ठेवा. मुलचेऱ्यात बंगाली मिठाईवाल्याकडचे गरम रसगुल्ले चुकवू नका. माझ्या मांडीवर मात्र वाटभर लॅबमधल्या दोन बाटल्या होत्या, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या.

अंगणात काकूंनी, म्हणजे सुनीताच्या आईने, चहा दिला आणि थेट विचारलं, "पाच वर्षं झाले, काय करून राह्यली माही पोरगी?"

सुनीताने बाटल्यांवर अतिनील टॉर्च मारला. भर दुपारच्या उन्हात काहीच दिसेना. ती पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिली.

"एवढ्या उजेडात कुठी दिसन?" काकू उठल्या. "चला, धानाच्या कोठीत."

खिडकी नसलेली, नव्या धानाच्या वासाची खोली. दार लागलं, टॉर्च पेटला. एक बाटली फिकट निळी झाली. दुसरी भगवी पेटली.

"अवो बाई! हा त पळस फुलला!" काकूंनी बाटली हातात घेतली. "मंग हे निळी काऊन?"

"दोन्हीत झिंक सल्फाईडचे कण आहेत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक," सुनीताचा आवाज आता मोकळा झाला होता. "भगव्या बाटलीत थोडं मँगनीज मिसळलंय. टॉर्चची ऊर्जा ते घेतं आणि आपल्या रंगात परत देतं."

"म्हंजे भाजीत मीठ टाकल्यावानी. थोडंसंच, पन चव त्याचीच."

आमच्या सरांनाही हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं!

मग काकूंनी शेजारणींना हाका मारल्या. कोठीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दार दहादा उघडलं, दहादा लागलं. जेवताना माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकत त्या लेकीला म्हणाल्या, "पुरं करूनच ये. नोकरी कुठी पळून नाई जात."

सुनीता रडत रडत हसली.

दुसऱ्या संध्याकाळी नागपूरला पोचलो. कंबर मोडली होती, तरी झोप येईना. माझी आई अमरावतीला असते, तीन तासांवर. माझं काम तिला कळणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. मी फोन लावला. "आई, माझी लॅब बघायला येतेस? सोमवारी?"

 ती लगेच म्हणाली, "उद्याच आले तर चालणार नाही का?"