सोनगढी परगणा 'कभी था ही नहीं'

रामकन्याबाईंवर अन्याय झाला तो गेल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकराला, सरकारी दप्तराच्या खिडकीवर. त्या कुंभार. गावच्या तळ्याची माती त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या येते. आता एकाने तळ्याला तारेचं कुंपण घातलंय. म्हणतो, जागा माझी. सुनावणी शुक्रवारी. तळं गावाचं असल्याचा जुना कागद हवा, म्हणून बाई उज्जैनला, देवास गेटच्या स्टँडवर बसमधून उतरून पायी आल्या होत्या. बाबूने अर्ज परत सरकवला.

"अम्मा, सोनगढी परगना कभी था ही नहीं. लिस्ट में नहीं है."

मी मागेच उभी होते. मी मोडी वाचून देते, हाच माझा धंदा. मोडी ही मराठीची जुनी लपेटदार लिपी. इथल्या संस्थानी कारभाराचे कितीतरी कागद तिच्यात आहेत. आणि परगणा म्हणजे आजच्या तहसिलीसारखा: काही गावं, एक कचेरी, वर एक अंमलदार, कमाविसदार. संस्थान गेलं, नव्या तहसिली आखल्या, सोनगढीची गावं दोन तहसिलींत वाटली गेली. म्हणून तो नव्हताच?

"लिस्ट दाखवा," मी म्हटलं.

"आप वकील हो?"

"नाही. वाचता येतं एवढंच."

हिंदीत टाइप केलेली जाडजूड लिस्ट. ती चाळण्यात दोन दिवस गेले. बुधवारी एक नोंद दिसली: 'गोविंदराव विठ्ठल, निजी पत्र-व्यवहार, ग्यारह बस्ते.' बस्ता म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. अकरा गाठोडी भरून खासगी पत्रं? एवढं कोण कोणाला लिहितं?

मग उमगलं. गोविंदराव विठ्ठल हा सोनगढीचा कमाविसदार, हे नाव मी आधी दुसऱ्या मोडी कागदांत वाचलं होतं. सोनगढीच्या कचेरीत बस्त्यावर परगण्याचं नाव घालत नसत. ज्या कमाविसदाराच्या अमदानीतले कागद, त्याचं नाव घालत. लिस्ट करणाऱ्याला मोडी येत नव्हती. वरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं, गाठ सोडलीच नाही. आख्खा परगणा एका माणसाची खासगी पत्रं होऊन बसला.

"निजी है, नहीं खुलेगा," बाबू म्हणाला.

"तो उनके पोते को बुला लो, भैया," रामकन्याबाई म्हणाल्या. "हम यहीं बैठे हैं." आणि खिडकीखाली फतकल मारून बसल्या. मागची रांग अडली, ओरडाआरडा सुरू झाला, साहेब बाहेर आले.

मी म्हटलं, "साहेब, उघडणार नसाल तर तसं लेखी द्या." लेखी नकारावर सही करायला कुणाचा हात उठत नाही. गाठी सुटल्या.

सातव्या बस्त्यात तळं सापडलं. चारी बाजूंच्या हद्दी, कमाविसदाराचा शिक्का, आणि साफ हुकूम: तळं गावाचं, माती कुंभारांनी न्यावी, कोणी हरकत करू नये. मी तिथेच मोठ्याने वाचलं, मग हिंदीत सांगितलं.

"पर इसे पढ़ेगा कौन?" साहेब.

"आत्ता कोणी वाचलं?"

"सरकारी मान्यता है आपको?"

"तुम्ही मोडीचा एक तरी वाचक नेमलाय?"

साहेबांनी सर्टिफाइड कॉपीवर स्टॅम्प मारला. शुक्रवारी ती कॉपी आणि माझा तर्जुमा सुनावणीत दाखल झाला. तारा काढायचा हुकूम निघाला. लिस्टमध्ये मात्र सोनगढी आजही 'निजी' आहे. दुरुस्तीचा माझा अर्ज विचाराधीन आहे म्हणे.

धडा एवढाच: लिस्टमध्ये नाही याचा अर्थ दप्तरात नाही असा होत नाही. उज्जैनच्या मराठी घरांनो, तुमच्याकडे अजून मोडी वाचणारं कोणी असेल, तर त्यांना याच आठवड्यात खिडकीवर घेऊन या. अर्ज दोन प्रतींत आणा. पोच हातात पडेपर्यंत जागचं हलू नका.