शहाणी

आमच्याकडे मुलीला पहिली पाळी आली की ‘ती शहाणी झाली’ म्हणतात. या शब्दाचा मला आजही संताप येतो. शहाणी झाली म्हणजे काय, तर तिचं सगळं बंद.

माझी थोरली बहीण, अक्का, तेराव्या वर्षी शहाणी झाली. मी तिच्याहून लहान. निजामाचं राज्य होतं, वडील पाटोद्याला तहसिलीत पेशकार होते. अक्काला मखरात बसवलं, बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली. मखर निघालं आणि परसाचं दार लागलं. नदीवर पाण्याला जायचं नाही, शेजारच्या बांगडीवाल्यांच्या मुलीशी गजगे खेळायचे नाहीत, मोठ्यानं हसायचं तर मुळीच नाही. लग्न लहानपणीच लावून ठेवलेलं. सासरी पाठवणी होईपर्यंत जात्याजवळ बसायचं. कालपर्यंत चिंचेवर चढणारी पोर! वासराला दावं लावतानासुद्धा माणूस त्याला चार दिवस सवय करतो.

हळूहळू ती बोलेनाशी झाली. ताट पुढं ठेवलं की नुसती बघत बसायची. मी हाक मारली की भिंतीकडे तोंड फिरवायची. एका दुपारी दळता दळता रडायला लागली ती थांबेचना. ‘काय होतंय गं बाई तुला?’ एवढं विचारायला कुणाची जीभ झिजणार होती? कुणी विचारलं नाही. घरात आत्याचा शब्द चालायचा. ती म्हणाली, “पोरीला बाहेरचं लागलंय. त्या हिरीतल्या बाईचंच काम हाय हे.” गावाबाहेरच्या विहिरीत कुणाची तरी सून बुडून मेली होती. ती का मेली, हेही कुणी विचारलं नव्हतं.

सगळ्यात जास्त राग मला वडिलांचा येतो. दिवसभर परक्या रयतेची गाऱ्हाणी ऐकायची, अदबीनं ‘फरमाइए’ म्हणायचं, एकेक शब्द उर्दूत टिपून घ्यायचा. घरी आले की जेवले आणि आडवे झाले. “बायकांचं बायका बघतील,” एवढंच म्हणाले.

मग देवऋषी आला. त्यानं अक्काला निखाऱ्यांपुढं बसवून मिरच्यांची धुरी दिली. आम्ही सगळे खोकून बेजार. त्यानं वेताची छडी उगारली.

“बोल, कोण हाय तू?”

किती दिवसांनी अक्का बोलली! “मीच हाय.”

छडी बसली. “खरं सांग. कोण हाय?”

“मीच हाय वो. कावून मारता? आई, सांग की यांना, मीच हाय!”

आईनं पदराचा बोळा स्वतःच्याच तोंडात कोंबला. छडी थांबली नाही. शेवटी अक्का दमली आणि तिनं त्या विहिरीतल्या बाईचं नाव घेतलं. काय ते सगळ्यांचं समाधान! नारळ फुटला, लिंबू उतरलं, देवऋषी शिधा घेऊन गेला. जिवंत पोर सांगत होती ते खोटं, आणि मेलेलीचं नाव तेवढं खरं. जळो तो न्याय!

त्यानंतर अक्का जेवू लागली, सांगेल ते काम खाली मान घालून करू लागली. “बघा, कशी शहाणी झाली!” आत्या गल्लीभर सांगत सुटली. थोड्याच दिवसांत पाठवणी उरकली.

पुढं ती सणासुदीला माहेरी यायची. दाराची कडी वाजायची. आतून आई विचारायची, “कोण हाय?” बाहेरून उत्तर नाही. पुन्हा कडी, पुन्हा “कोण हाय?” दारातलं कुणीही माणूस सहज म्हणतं, मी हाय. अक्काच्या तोंडून ते दोन शब्द पुन्हा जन्मात निघाले नाहीत. मी हातातलं टाकून धावत जायचे, दार उघडायचे आणि आईला, आत्याला, वडिलांना, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडायचे, “अक्का हाय! आपली अक्काच हाय!”