अर्थिंगच्या खड्ड्याचा शेरा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात करायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. आई वडूजकडच्या आमच्या गावातून हलायलाच तयार नव्हती, आणि तिचं कारण ऐकून कुणीही कपाळाला हात लावला असता.

"मी तिकडं आले तर अर्थिंगला पानी कोण घालणार?"

अर्थिंग म्हणजे परसातला एक खड्डा. वडील फौजेतून रिटायर होऊन आले तेव्हा घराचं सगळं वायरिंग त्यांनी स्वतः केलं. खोल खणून तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ भरलं. पण आमच्याकडची जमीन कोरडी ठणठणीत. माती वाळली की कुठे बिघाड झाला तर करंट जमिनीत नीट उतरत नाही, फ्रिजला हात लावला तरी झटका बसायचा. म्हणून ते रोज संध्याकाळी तिथे पाणी ओतायचे. ते गेल्यावर आई ओतू लागली. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि भिंतीला धरत धरत परसात न्यायचं. देवापुढे दिवा लावायला एखाद वेळेस उशीर होईल, खड्ड्याला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात छपरावर सोलर बसवायचं ठरलं आणि आधी वायरिंग तपासायला एक इंजिनिअर आला. प्रत्येक दोषाला तो शेरा देणार होता. पिवळा म्हणजे सवडीनं दुरुस्त करा, तांबडा म्हणजे आधी दुरुस्ती, बाकी सगळं नंतर. मी मुद्दाम सांगलीहून आले होते. खड्ड्याला तांबडा मिळाला की नवं, पाणी न लागणारं अर्थिंग होईल आणि आईची सबब संपेल, असा माझा साधा हिशेब.

त्यानं मीटर लावला. "रीडिंग चांगलं आहे. जुनं काम आहे म्हणून पिवळा देतो."

वडीलच परीक्षेत पास झाल्यासारखा आईचा चेहरा फुलला.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. "साहेब, कालच त्यात बादलीभर पाणी गेलंय," मी म्हटलं. "हे रीडिंग खड्ड्याचं नाही, माझ्या आईचं आहे. तो कोरडा पडू द्या, मग मोजा."

"मावशी रोज घालतात ना, मग झालं. मी आज दिसतं त्यावर शेरा देतो."

"आणि मावशी घरात नसतील तेव्हा?" माझा आवाज चढला.

आई माझ्यावरच उखडली. "बापाच्या कामात खोट काढतीस व्हय गं? त्यो बिचारा चांगलं म्हनतोय, आन् तू नापास कराय बसलीस!"

मला रडूच फुटलं. त्या परक्या माणसासमोर मी म्हणाले, "आई, मला बाबांना नापास करायचं नाही गं. मला तुला नीट चालताना बघायचंय."

आई परसदाराच्या पायरीवर बसली. बसताना तिनं ओठ आवळले, ते मी पाहिलं. मग तिनं इंजिनिअरला विचारलं, "बाळा, पानी न्हाई घातलं तर काय हुईल?"

"या उन्हात थोड्याच दिवसांत माती सुकेल, मावशी. मग तांबडाच द्यावा लागेल."

आई खड्ड्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच बोलू लागली. "तुजं बाबा दवाखान्यात हुतं, तवा बोलायचं बळ न्हवतं अंगात. तरी मला बघितलं की इचारायचं, पानी घातलंस का? मी हात हातात घेतला तरी त्येच. शेवटपतूर जीव ह्यातच अडकला. माज्याशी दुसरं काय बोलायचं ऱ्हाऊनच गेलं बघ."

तिनं पदरानं तोंड पुसलं. हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"मला तसं, ह्यात जीव अडकवून, न्हाई पडायचं दवाखान्याच्या खाटंवर. दे तांबडा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो लिहायला लागला, तशी आई घाईनं म्हणाली, "पर काम खराब हाय असं लिवू नगंस रं बाळा. कोरडं पडतंय, एवढंच लिव."

त्यानं तेवढंच लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं.