पॉइंट विमान कंपनीकडे गेले, मी इथेच

मंडळी, आज सकाळी दिघीच्या जेटीवर, जिथे बरी रेंज मिळते तिथे उभं राहून, मी क्रेडिट कार्डचे सगळे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवले. टोरोंटोच्या तिकिटापुरते जमले होते एकदाचे.

ते माझ्या एकट्याचे नव्हतेच. तीन वर्षं आमचा अख्खा कोळीवाडा होड्यांचा बर्फ आणि डिझेल माझ्या कार्डावर घेत होता, आणि पैसे मला रोख आणून देत होता. "काकांना टोरोंटोला नातीकडे जायचंय," एवढंच त्यांचं कारण.

एकदा वळवलेले पॉइंट परत मिळत नाहीत, असं स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं होतं. तरी मी बटण दाबलं आणि आनंदाने मुलाला फोन लावला.

तो म्हणाला, "बाबा, आधी विचारायचं ना! यंदा नको. आम्हाला नाही जमणार."

घरी आलो तर शेजारची काशीबाई सुक्या सोड्यांची पिशवी घेऊन ओटीवर बसलेली.

"काका, नातीला न्या. कधी निघायचं हाय?"

"लवकरच," म्हणालो आणि पिशवी घेतली.

आता तुम्हीच सांगा, पोटच्या मुलाकडे जायचं तर तुम्ही आधी विचारता का?