सासऱ्यांच्या गाडीतला नवा अल्टरनेटर

चष्मेवाल्याला आयुष्यात दोनच माणसांची भीती वाटत असे. एक सासरे आणि दुसरा साडू. बायकोचीही वाटे, पण ती इतकी अंगवळणी पडली होती की मोजण्यात अर्थ नव्हता.

सासऱ्यांनी उभा जन्म लोकांना मोटार शिकवण्यात घालवला होता. निम्मं गाव त्यांच्या शिव्या खात क्लच सोडायला शिकलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची स्वतःची गाडी धाकट्या मुलीहून वयाने मोठी. गोल दिवे, फुगीर मडगार्ड आणि दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. पुढे मास्तरांना समोरून येणारी बस सायकलएवढी दिसू लागली. थोरल्या जावयाने म्हणजे चष्मेवाल्यानेच त्यांचे डोळे तपासले आणि अंगातला सगळा धीर गोळा करून सांगितलं, "बाबा, आता चालवणं नको." मास्तरांनी किल्ली चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवली. म्हणाले, "मग तू चालव. पण नीट चालव."

नीट चालवणं चष्मेवाल्याच्या हातात नव्हतं, डायनामोच्या हातात होतं. त्या काळच्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला डायनामो असे. हा डायनामो मोकळ्या रस्त्यावर इमानेइतबारे वीज करी, पण सिग्नलला गाडी थांबली की हाताची घडी घालून बसे. मग हेडलाइट पिवळे पडत, हॉर्नला सर्दी होई आणि वायपर काचेच्या मध्यावर येऊन विचारात पडत. मध्यंतरी मास्तरांना डॉक्टरांकडून आणताना भर चौकात बॅटरीने मान टाकली. मास्तर मागच्या सीटवर ताठ बसून राहिले आणि गाडी ढकलली ती त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

"माझ्या हाताखाली शिकलेला माणूस माझीच गाडी ढकलतोय," मास्तर घरी आल्यावर म्हणाले. "जावईबापू, येत्या रविवारी संध्याकाळी मला धाकटीकडे न्यायचं. दिवे लावून. वाटेत दिवे मंद झाले तर गाडी धाकटीकडेच सोडायची. धाकट्या जावयाकडे शटरचं गॅरेज आहे."

साडूकडे शटरचं गॅरेज होतंच, शिवाय गाडी पुसायची पिवळी फडकीही होती. गाडी नव्हती, एवढंच.

चष्मेवाल्याने दुकानासमोरच्या बॅटरीवाल्याला गाठलं.

"डायनामोला पेन्शन द्या," बॅटरीवाला म्हणाला. "हा अल्टरनेटर घ्या. सिग्नलला उभे असलात तरी चार्जिंग करतो. ह्याचा रेग्युलेटर ह्याच्या पोटातच. ती बॉनेटखालची टकटक करणारी पेटी काढून टाका. जाड वायर बॅटरीला, बारीक वायर डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याला. संपला विषय."

"मीच बसवतो."

"तुम्ही?"

"का?"

"काही नाही. आधी बॅटरीची वायर काढा, म्हणजे झालं."

रविवारी सकाळीच चष्मेवाला अंगणात गाडीखाली शिरला. मोहरीएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. मोठमोठे नट तो अंडी काढावीत तसे अलगद काढत होता. अल्टरनेटर डायनामोपेक्षा आखूड आणि ढेरपोट्या निघाला, त्यामुळे जुन्या ब्रॅकेटला तो बसेना. मग वॉशर घातले, काढले, पुन्हा घातले. पट्टा सरळ फिरायचा तर पुल्या एका रेषेत हव्यात. चष्म्याच्या दांड्या बघतात तसा एक डोळा मिटून त्याने त्या अशा काही रेषेत आणल्या की स्वतःवरच खूश झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली, "अहो, तिला नंबर लागलाय का?"

दुपारी गाडी सुरू केली. दिवे लावले. दिवे पिवळेच. अल्टरनेटर गरगर फिरत होता, पण काम काडीचं करत नव्हता. चष्मेवाल्याने तो उतरवला, पुन्हा चढवला. तेच. शेवटी बॅटरीवाला आपला मीटर घेऊन आला, इकडे तिकडे टोचून बघितलं आणि म्हणाला, "माल चांगला आहे. झोपलाय."

"बाबा यायची वेळ झाली," चष्मेवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. त्याला डोळ्यांसमोर साडूची पिवळी फडकी दिसू लागली.

बायको चहा घेऊन आली होती. "झोपलाय म्हणजे?"

"वहिनी, किल्ली फिरवली की आधी त्या लाल दिव्यातून चिमूटभर करंट अल्टरनेटरला जातो," बॅटरीवाल्याने सांगितलं. "त्याने तो जागा होतो, मग आपलं आपण कामाला लागतो. एकदा तो लागला की दिवा विझतो."

"आमच्याकडे हेच काम चहा करतो." तिने कप बॅटरीवाल्याच्या हातात दिला. "आणि दिवाच नसला तर?"

"नसेल कसा?" नवरा म्हणाला. "आहे की."

"नाही आहे. मी काढलाय."

चष्मेवाल्याने डॅशबोर्डकडे बघितलं. लाल काच जागेवर होती. काचेमागे काळोख होता.

"का गं?"

"का म्हणजे? तो जरा लुकलुकला की तुम्ही गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचात. भाचीच्या नाटकाला आपण गेलो ते पडदा पडताना. एक दिवस तुम्ही हवा भरायला उतरलात, मी डॅशबोर्डखाली हात घालून बल्ब ओढून काढला. तेव्हापासून आपण सगळीकडे वेळेवर पोचतो."

"आणि मला वाटलं, गाडी सुधारली."

"मी तरी दुसरं काय म्हणाले?"

बॅटरीवाल्याने मीटर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "चष्मेवाले, तुम्ही दिवसभर नजरच तपासता ना?"

"दुसऱ्यांची," बायको म्हणाली.

"बरं, तो बल्ब कुठंय?"

"टॉर्चला बसतो का बघितलं. नाही बसला. टाकून दिला."

बॅटरीवाला पळत दुकानात गेला. तसा छोटा बल्ब संपला होता. जो मिळाला तो घेऊन आला. "जरा तगडा आहे, पण आज भागेल." तो बल्ब बसवेपर्यंत मास्तर आले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. चष्मेवाल्याने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं, लाल दिवा विझला आणि समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा प्रकाश असा पांढरा पडला की भिंतीचे पोपडेसुद्धा मोजता आले असते. बायको घाईघाईने मागे बसली.

"चल," मास्तर म्हणाले.

प्रत्येक सिग्नलला मास्तर पुढे वाकून समोरच्या बसच्या पाठीवरचा उजेड बघत. "वायपर लाव." आकाश कोरडं ठणठणीत, तरी लावले. "हॉर्न दे." दिला. पुढच्या बसमधले लोक मागे वळून बघू लागले. उजेड तसूभरही हलला नाही. दोष काढायच्या तयारीने निघालेल्या माणसाला दोष सापडेना, तेव्हा मास्तरांचं तोंड लहान झालं. "गिअर उशिरा टाकलास," एवढंच ते पुटपुटले, आणि मग खिडकीबाहेर बघू लागले.

साडू शटर वर करून दारातच उभा होता. खांद्यावर फडकं. चष्मेवाल्याने ऐटीत गाडी उभी केली आणि किल्ली बंद केली.

गाडी सुरूच राहिली.

त्याने किल्ली बाहेर काढली. गाडी सुरूच. त्याने किल्ली खिशात घातली. गाडीने त्याचीही दखल घेतली नाही.

"दादा," साडूने आदबीने विचारलं, "किल्ली काढली की गाडी बंद होते ना?"

"सहसा."

"मग पेट्रोल संपेपर्यंत आत बसू या."

मागच्या सीटवर बायको पदरात तोंड घालून हसत होती. चष्मेवाल्याने बॅटरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बल्ब तगडा ना. त्यातून करंट उलटा येऊन इंजिनाला चालू ठेवतोय. उद्या एक डायोड टाकू, म्हणजे करंट एका बाजूनेच जाईल आणि गाडी किल्लीने बंद होईल."

"पण आत्ता काय करू?"

तोवर मास्तर खाली उतरून, गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन उभे होते. "ऊठ," ते म्हणाले.

किल्ली काउंटरवर ठेवल्यापासून ते त्या सीटवर बसले नव्हते. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला, वरचा गिअर टाकला, ब्रेक गच्च दाबला आणि क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि चूप झाली.

"जन्मभर पोरांना ह्याच एका चुकीसाठी ओरडलो," मास्तर म्हणाले. त्यांच्या मिशा हलत होत्या.

साडूने विचारलं, "मग बाबा, गाडी आत घेऊ?"

"तुला बंद करता येईल?"

साडूने थोरल्या जावयाकडे बघितलं. थोरल्याने बुटांकडे.

"दिवे मंद झाले नाहीत. गाडी थोरलीकडेच," मास्तर म्हणाले. "पण मला घेतल्याशिवाय बाहेर काढायची नाही. बंद कोण करणार?"

परत आल्यावर अंगणातही त्यांनीच गाडी बंद केली आणि मग बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, "येतो. गाडी बंद झाली का ते बघतोय."

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याने डायोड पाठवला. तांदळाएवढा. चष्मेवाला तो चिमट्यात धरून उजेडात बघत होता.

"केवढा वेळ लागेल हे बसवायला?" बायकोने विचारलं.

"चहा होईपर्यंत होईल."

"मग आज चहा नाही," ती म्हणाली आणि आधण गॅसवरून उतरवलं.