कूलरसमोरची पाल

मांजराला इंजेक्शन द्यायला मी जुन्या जालन्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी भरदार मिशांचे एक गृहस्थ हातातला डबा अंगापासून लांब धरून होते. डब्यात ओल्या फडक्यावर ठिपक्यांची पाळीव पाल पडली होती. डोळे खोल गेलेले, शेपटी सुकलेली, हालचाल नाही.

“लेकीची हाय. ती पुण्याला शिकते. मला तर हात लावायची भीती वाटते,” ते म्हणाले. मग हळूच, “रोज हिची खबर घ्यायला फोन करते. ही गेली तर मंग कशाला करंल, ताई?”

डॉक्टरांनी डब्यात पाहिलं. “ओलं फडकं कशाला?”

“खाऊन न्हाई राह्यली, म्हणून कूलरसमोर ठेवली. उन्हाळ्यात आपण समद्यांना तेच करतो.”

“गारठलीय ती. उबेशिवाय हिला खाल्लेलं पचत नाही. आधी ऊब द्या, मग तपासतो.”

गृहस्थांनी डोळे मिटले, पाल उचलली आणि शर्टाच्या आत पोटाशी धरली. डॉक्टर आणि मी त्या शर्टाकडे बघत राहिलो. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

“ऊब घेऊन राह्यली,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “अजून सांगता येत न्हाई. तू जेवली का?”